दूरशिक्षणातून कलनाचा अभ्यास : साधने आणि मार्ग

बारावीनंतर शिक्षण सुटलेला तरुण, संसार सांभाळून पदवीकडे पुन्हा वळलेली गृहिणी आणि नोकरीत राहून पात्रता वाढवू इच्छिणारा शिक्षक या तिघांनाही दूरशिक्षणाचा मार्ग खुला आहे. भाषा, इतिहास वा समाजशास्त्र हे विषय वाचनाने बरेचसे आत्मसात करता येतात. गणिताचे तसे नाही. त्यातही कलन हा विषय आला की अनेकांचे पाऊल अडखळते आणि विज्ञानाची पदवी दूर राहते. ही अडचण बुद्धीची नसून बहुधा योग्य साधनांची व योग्य क्रमाची असते. म्हणून ही साधने कोठे मिळतात व ती कशी वापरावीत, याची माहिती येथे दिली आहे.

कलन म्हणजे काय?

बदलणाऱ्या राशींचा हिशेब करणारी गणिताची शाखा म्हणजे कलन होय. उंचावरून सोडलेला दगड पहिल्या काही सेकंदांत किती मीटर खाली येतो, हे काढण्यासाठी सेकंदांच्या वर्गाला सुमारे ५ ने गुणावे लागते. २ सेकंदांत तो २० मीटर येतो, तर २.१ सेकंदांत २२.०५ मीटर. म्हणजे त्या दरम्यानचा सरासरी वेग सेकंदाला २०.५ मीटर झाला. कालावधी २ ते २.०१ सेकंद इतका आखूड घेतला, तर हा वेग २०.०५ येतो, २ ते २.००१ घेतला, तर २०.००५. कालावधी जसजसा लहान होतो, तसतसा वेग २० च्या निकट जातो. हीच ‘सीमा’ होय आणि अशा रीतीने क्षणिक वेग काढण्याची क्रिया म्हणजे ‘अवकलन’. याउलट, क्षणोक्षणीच्या वेगावरून एकूण अंतर काढणे हे ‘समाकलन’. ही कल्पना आपल्या भूमीला सर्वस्वी परकी नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार आढळतो.

पायाभूत पुस्तके

दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याने आरंभ शालेय पुस्तकांपासून करावा, हे श्रेयस्कर. बालभारतीची अकरावी व बारावीची गणिताची पुस्तके मंडळाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची पुस्तकेही तशीच उपलब्ध असून, त्यांच्या शेवटी उत्तरे दिलेली असतात. ती हिंदीतही आहेत. सीमा, अवकलज, समाकलन या संज्ञा हिंदीत व मराठीत सारख्याच असल्याने इंग्रजी अवघड वाटणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला त्यांचा मोठा आधार होतो. संज्ञांविषयी शंका आल्यास भाषा संचालनालयाचा गणितशास्त्र परिभाषा कोश व मराठी विश्वकोश पाहावा.

मुक्त विद्यापीठांचे साहित्य

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये स्थापन झाले. त्याच्या पदवी अभ्यासक्रमात कलनाचा स्वतंत्र पाठ्यक्रम असून, त्याचे पाठ ‘ई-ज्ञानकोश’ या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. हे पाठ शिक्षक समोर नाही असे गृहीत धरून लिहिलेले असतात. मध्येच प्रश्न विचारलेले असतात व घटकाच्या शेवटी त्यांची उकल असते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून राज्यात अभ्यासकेंद्रांद्वारे शिक्षण देत आहे. कोणत्याही संस्थेत प्रवेश घेण्यापूर्वी तिला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे काय आणि निवडलेल्या पदवीत गणित कितपत आहे, याची खात्री करून घ्यावी.

दृक्‌श्राव्य पाठ

तंत्रविज्ञान संस्थांच्या ‘एनपीटीईएल’ प्रकल्पातील व्याख्याने व २०१७ मध्ये सुरू झालेला ‘स्वयम्’ हा मंच यांवर कलनाचे पाठ विनाशुल्क ऐकता येतात; प्रमाणपत्रासाठीच्या परीक्षेला मात्र शुल्क पडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार, संबंधित विद्यापीठाने स्वीकारल्यास एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत पाठ्यक्रम ‘स्वयम्’द्वारे पूर्ण करता येतात. जेथे इंटरनेट नीट पोहोचत नाही, तेथे ‘स्वयंप्रभा’च्या दूरचित्रवाणी वाहिन्या उपयोगी पडतात. त्या दूरदर्शनच्या निःशुल्क डिशवर दिसतात.

इंग्रजी वाचू शकणाऱ्यांसाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे खुले पाठ आणि ‘ओपनस्टॅक्स’चे तीन खंडांचे कलनाचे पुस्तक विनामूल्य आहे. सिल्व्हेनस थॉम्पसन यांचे १९१० मधील कलनाचे छोटे पुस्तक आजही नवख्याची भीती घालवते.

अभ्यासाची रीत

साधनांची विपुलता हीच कधी अडचण ठरते. दहा पुस्तके उघडून एकही पुरे न करण्यापेक्षा एक मुख्य पुस्तक, एक पूरक व्याख्यानमाला व एक वही इतकेच ठरवावे. प्रथम बीजगणितातील अवयव, त्रिकोणमिती व आलेख यांची उजळणी करावी. कलनातील पुष्कळशा चुका वस्तुतः येथेच होतात. त्यानंतर सीमा, अवकलन, त्याचे उपयोग व शेवटी समाकलन असा क्रम ठेवावा. सोडवलेले उदाहरण वाचून समजले, तरी ते आले असे होत नाही. पुस्तक मिटून तेच उदाहरण स्वतः सोडवावे आणि मगच उकल पडताळावी. स्वाध्याय वेळेवर पाठवावेत, कारण दूरस्थ विद्यार्थ्याची चूक दाखवून देणारा तोच एक हक्काचा मार्ग आहे.

गावाचा हातभार

एकट्याने अभ्यास करणारा विद्यार्थी मध्येच खचतो. त्याला एखादा सोबती व शंका विचारण्यास एखादी व्यक्ती मिळाली, तर तो तग धरतो. ग्रामपंचायतीने वाचनालयात वरील पुस्तकांच्या छापील प्रती ठेवाव्यात, एक संगणक व एक दूरचित्रवाणी संच ठराविक वेळी उपलब्ध करून द्यावा. माध्यमिक शाळेतील गणिताच्या शिक्षकांनी आठवड्यातून एक तास अशा विद्यार्थ्यांना दिला, तर त्याचे मोल फार मोठे ठरेल. यास फारसा खर्च नाही. साधने बव्हंशी विनामूल्य आहेत. ती गरजूपर्यंत पोहोचविण्याची आस्था तेवढी हवी.