पात्याआधी सांधा : खिशातल्या घडीच्या चाकूची गोष्ट

माझ्या उजव्या हाताची तर्जनी पूर्ण मिटत नाही. मूठ वळली की बाकीची बोटे तळव्याला टेकतात, ती अर्ध्यावर थांबते. चौदा वर्षांपूर्वी अंबड तालुक्यात, मेहुण्याच्या मोसंबीच्या बागेत ठिबकच्या नळीला भोक पाडायचे होते. पंच सापडेना, म्हणून खिशातला घडीचा चाकू काढला. टोक नळीवर टेकवून जोर दिला. नळी घसरली, पाते उलटे फिरून मुठीत मिटले आणि मुठीच्या खाचेवर माझे बोट होते. जखम लहान दिसत होती. रुमाल गुंडाळून संध्याकाळपर्यंत काम केले. बोट वाकवणारी कंडरा तुटली आहे हे दुसऱ्या दिवशी कळले. ती जोडली, पण बोट पूर्वीसारखे झाले नाही.

तो चाकू दीडशे रुपयांचा होता. घेताना मी अंगठ्यावर हलकेच धार पाहिली होती, दुकानदाराने वर्तमानपत्राचा कागद सरसर कापून दाखवला होता. धार खरोखरच चांगली होती. सांधा मात्र मीही पाहिला नाही आणि त्यानेही दाखवला नाही. तेव्हापासून मी स्वस्त चाकू विकत घेऊन उघडून पाहतो. मोंढ्यातल्या हार्डवेअरच्या दुकानांतून, राजूरच्या चतुर्थीच्या यात्रेतून, अंबडला मत्स्योदरी देवीच्या नवरात्रातल्या पालांवरून घेतलेले चाळीसेक चाकू आज माझ्याकडे आहेत. त्यातले निम्मे उघडून सुटे केलेले आहेत. मी धातुशास्त्र शिकलेलो नाही. जे कळले ते पुस्तकांतून, लोहारांच्या पालांवर बसून आणि बोट गमावता गमावता.

आपल्याकडे खिशात चाकू बाळगणे म्हणजे गुंडगिरी, असा समज हिंदी सिनेमाने पक्का केला. 'वक्त' (१९६५) मधल्या राजकुमारच्या प्रसंगानंतर रामपुरी म्हटले की खलनायकच आठवतो. आमच्या आजोबांच्या पिढीत चंचीत अडकित्ता असे, बंडीच्या खिशात लहानसा चाकू असे आणि त्याचे कोणाला काही वाटत नसे. बाभळीचा काटा काढायला, पोत्याची सुतळी तोडायला, बांधावर कांदा चिरायला तो लागे. आजही कामे तीच आहेत, फक्त त्यात खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्या आणि पार्सलच्या चिकटपट्ट्यांची भर पडली आहे. या कामांना तीन इंचांपेक्षा लांब पाते लागत नाही. मला तर अडीच इंच पुरते.

आता सांध्याकडे येतो. घडीच्या चाकूत पाते एका खिळ्याभोवती फिरते. ते उघडे राहावे म्हणून काय केले आहे, हे पाहायचे. सर्वांत साध्या चाकूत काहीच केलेले नसते. खिळा घट्ट ठोकलेला असतो आणि घर्षणावर पाते टिकते. दुसऱ्या प्रकारात मुठीच्या पाठीत पोलादी कमान असते. ती पात्याच्या बुडाला दाबून धरते. पाते उघडताना 'टक' असा आवाज येतो आणि घेणाऱ्याला वाटते की कुलूप बसले. माझेही तसेच झाले होते. पण ही कमान पात्याला फक्त रोखते, अडवत नाही. उलट बाजूने पुरेसा जोर पडला की पाते मिटणारच.

तिसऱ्या प्रकारात खरा अडसर असतो. मुठीच्या आतली पातळ पट्टी पाते उघडताच बाजूला सरकून त्याच्या बुडामागे उभी राहते, किंवा पाठीची कमान पात्याच्या खाचेत अडकते. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतातल्या ओपिनेल घराण्याने १८९० पासून लाकडी मुठीचा शेतकऱ्यांचा चाकू बनवला आणि १९५५ साली त्याच्या गळ्यात फिरणारे पोलादी कडे बसवले. पाते उघडून कडे थोडे फिरवले की पाते मिटत नाही. इतका साधा आणि इतका भरवशाचा उपाय मी दुसरा पाहिला नाही. आपल्याकडे तो चाकू हजाराच्या पुढे पडतो, म्हणून घ्याच असे मी म्हणणार नाही. पण अडसर म्हणजे काय हे समजून घ्यायला तो हाताळून पाहावा.

स्वस्त चाकवांत गडबड होते ती बहुतेक आतल्या पट्टीची. पट्टी पातळ पत्र्याची असते आणि पात्याच्या बुडावर कशीबशी काठाला टेकते. दुकानात हे तपासता येते. चाकू उघडा आणि उजेडासमोर धरून पट्टी बुडावर किती आली आहे ते पाहा. पट्टीची पूर्ण जाडी बुडामागे आली पाहिजे. मग पात्याचे टोक धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. किंचित हलले तर स्क्रू आवळून जाते, खिळा ठोकलेला असेल तर जात नाही. शेवटी, बोटे खाचेपासून दूर ठेवून पात्याची पाठ लाकडी फळीवर दोन-तीनदा हलकेच आपटा. पाते मिटू लागले तर चाकू परत द्या. दुकानदार कुरकुर करतो, करू द्या. माझ्या तर्जनीकडे बोट दाखवल्यावर माझ्याशी तरी कोणी वाद घातलेला नाही.

मग पोलाद. इथे आम्हा जालनेकरांची एक गंमत आहे. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांत भंगार वितळते, सळया ओढल्या जातात, राज्यभर जालन्याच्या सळईचे नाव आहे. "तुमच्या गावात लोखंडाचा डोंगर, चाकू बाहेरून कशाला आणता?" असे मला एका पाहुण्याने विचारले होते. उत्तर असे की सळईच्या लोखंडाचा चाकू होत नाही. सळईचे भारतीय मानक आहे आय. एस. १७८६. त्यात कार्बन ०.३० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, कारण सळई वाकली पाहिजे, तुटता कामा नये. चाकूला कार्बन याच्या दुप्पट तरी हवा. पोलाद साधारण आठशे अंशांपर्यंत लाल करून एकदम थंड केले की आतला कार्बन जागच्या जागी अडकतो आणि धातू कडक होतो. अडकायला कार्बनच कमी असेल, तर कितीही पाणी पाजा, धार टिकण्याइतका कडकपणा येत नाही.

गंमत पुढे आहे. टीएमटी सळईलाही पाणी पाजलेलेच असते. रोलिंगमधून लालभडक बाहेर पडणारी सळई पाण्याच्या फवाऱ्यातून जाते, तिची साल कडक होते आणि आतल्या गाभ्याची उष्णता त्या सालीला पुन्हा थोडी मऊ करते. कडक करायचे आणि मग थोडे मऊ करायचे, हीच युक्ती घिसाडी पालावर विळा करताना वापरतो. विद्या एकच, लोखंड वेगळे.

म्हणून घिसाडी सळईला हात लावत नाही. तो ट्रकच्या कमानीचा पाटा शोधतो. पाट्याच्या पोलादात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो. जुनी कानस मिळाली तर आणखी चांगले, तिच्यात एक टक्क्याहून अधिक. मंठा रस्त्याला पाल टाकलेल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला सांगितले होते, "नुसता पाटा कापून पातं होत नसतं, भाऊ. त्याला पाणी बसावं लागतं." पाटा गाडीत लवचीक राहावा म्हणून मुळात मऊ ठेवलेला असतो. तो कापून घासला तर दिसायला चाकू, पण धार दोन दिवसांची. त्याला पुन्हा तापवून थंड करावे लागते आणि तेही तेलात. पाण्यात बुडवला तर अनेकदा बारीक तडा जातो. मग पाते घासून चकचकीत करायचे आणि मंद आचेवर फिकट पिवळा रंग येईपर्यंत शेकायचे. हा रंग येतो तेव्हा तापमान दोनशे अंशांच्या थोडे वर असते. म्हाताऱ्याकडे मापक नव्हते, रंग होता.

दुकानातल्या चाकूवर 'स्टेनलेस' एवढेच छापलेले असते. त्याचा अर्थ फार थोडा. भांड्यांचे स्टेनलेसही स्टेनलेसच, आणि ते पाणी पाजून कडक होत नाही. खिशात लहान लोहचुंबक ठेवावे. पात्याला चुंबक चिकटले नाही तर तो चाकू नव्हे, चमचा आहे. चिकटले म्हणून चांगला असे मात्र नाही, कारण मऊ लोखंडही चिकटते. त्यासाठी जुनी बारीक कानस. पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, कोपरा हलकेच ओढायचा. कानस घसरली तर पाते कडक आहे, चावली तर मऊ. विकत घेण्याआधी कोणी हे करू देत नाही, म्हणून एक घ्यायचा, घरी पाहायचा, चांगला निघाला तर भावासाठी आणखी एक आणायचा.

गंजणारे पोलाद घ्यावे की न गंजणारे? मोसंबीच्या पट्ट्यात राहणाऱ्याने हा विचार करावा. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या रसातल्या आम्लाने साधे कार्बन पोलाद पाच मिनिटांत काळे पडते. काळेपणाने बिघडत काही नाही, उलट तो थर गंज थोडा रोखतो, पण फळ सोलून खाणाऱ्याला चव लागते. रोज फळे कापणार असाल तर स्टेनलेस घ्या. मुख्यतः सुतळी आणि लाकूड असेल तर कार्बन पोलाद लवकर पाजवता येते.

स्वस्तात सगळ्यात प्रामाणिक चाकू मला हार्डवेअरच्या नव्हे, शेती अवजारांच्या दुकानात मिळाला. तो म्हणजे डोळा भरण्याचा चाकू. रंगपूर लिंबाच्या किंवा जंबेरीच्या खुंटावर मोसंबीचा डोळा बसवायला तो वापरतात. खुंटाच्या सालीवर इंग्रजी 'टी' सारखा छेद घ्यायचा, चाकूच्या चपट्या जिभेने साल उचलायची, डोळकाडीवरून काढलेला डोळा आत सरकवायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधायचे. डोळा जमिनीपासून वीतभर वर भरतात, म्हणजे मातीतून येणारा डिंक्या कलमापर्यंत लवकर पोचत नाही. छेद चिरडलेला असेल तर डोळा वाळतो. म्हणून या चाकूंच्या पोलादात फार लबाडी चालत नाही. दिवसाला शेकडो डोळे भरणारा कारागीर दुसऱ्यांदा तो घेणारच नाही. लुधियानाच्या फाल्कनसारख्या कंपन्या हे चाकू बनवतात आणि ते काही शे रुपयांत मिळतात.

यातल्या अनेक चाकवांना अडसर नसतो, आणि तरी डोळे भरणाऱ्याची बोटे शाबूत असतात. कारण तो पाते आपल्याकडे ओढतो, टोक खुपसत नाही. जोर धारेवर पडतो, पाते उघडण्याच्याच दिशेला ढकलले जाते. माझी चूक इथे होती. बिनअडसराचा चाकू वाईट नव्हता, तो टोचायला वापरणे वाईट होते. तेव्हा घेण्याआधी स्वतःला विचारा की मी कापणार आहे की टोचणार. नुसते कापायचे असेल तर पैसे वाचवा. टोचायचीही वेळ येणार असेल तर अडसर असलेलाच घ्या.

नर्सरीतल्यांसाठी एक गोष्ट जाता जाता. काही रोग एका झाडावरून दुसऱ्यावर चाकूच नेतो, म्हणून पाते मधूनमधून सोडियम हायपोक्लोराइटच्या पातळ द्रावणात बुडवावे. त्याने पोलाद गंजते, लगेच धुऊन पुसावे.

कायद्याची बाजू लोक अर्धवट ऐकून असतात. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठी बनवलेली साधने त्यातून वगळलेली आहेत. त्यामुळे 'नऊ इंचांच्या आत सगळे चालते' असे गावोगाव सांगितले जाते. ते खरे नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली सण, यात्रा, आंदोलने, निवडणुका यांच्या आगेमागे जिल्ह्यात मनाई आदेश निघतात. त्यात बाळगण्यास बंदी असलेल्या वस्तूंमध्ये काठी-लाठीबरोबर सुरेही येतात आणि लांबीची सूट नसते. भंग केल्यास कलम १३५ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आदेश बहुधा पंधरा दिवसांचा असतो आणि वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींत येतो. त्या दिवसांत चाकू शेतातल्या कोठीत ठेवावा, बसस्थानकावर नेऊ नये.

खटक्याचा, म्हणजे बटण दाबून उघडणारा चाकू घेऊच नका. पोरांना तो आवडतो, यात्रेत सर्वांत आधी तोच खपतो. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने ७.६२ सेंटिमीटर किंवा अधिक लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा अधिक रुंद पात्याच्या बटणाच्या चाकूंवर बंधन आले. आपल्याकडेही पोलिसांच्या नजरेत तो अवजार नसतो, हत्यार असते. आणि मी उघडून पाहिलेल्या खटक्याच्या चाकवांत सांधा सर्वांत ढिला होता. कायदा बाजूला ठेवला तरी तेवढे कारण मला पुरे आहे.

धार लावायला सायकलवरचा धारवाला सोयीचा, पण त्याचे कोरडे चाक पात्याची कड तापवते. कडेला निळसर झाक दिसली तर तेवढ्या भागाचे पाणी उतरले म्हणून समजा. घरी सपाट दगडावर पाणी टाकून, एकच कोन धरून घासावे. डोळा भरण्याच्या अनेक चाकवांना एकाच बाजूने धार असते. ती दोन्ही बाजूंनी घासली तर छेद सपाट येत नाही. महिन्यातून एकदा सांधा घासलेटने धुऊन शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. आमच्याकडे सर्रास खोबरेल घालतात. डिसेंबरात पहाटे पाण्याच्या पाळीला गेले की ते सांध्यात गोठलेले असते आणि चाकू उघडायला दात लावावे लागतात.