पहिली चूक आधी वाचा

परवा दुपारी शेजारच्या वहिनींची सून आली ती डोळे पुसतच. "काकू, सोडून देते मी हे सगळं."

तिच्या नवऱ्याचा लग्नाच्या शूटिंगचा व्यवसाय. एडिटिंग हीच करते. हळदीच्या मांडवातलं पिवळं कापड, त्यात उन्हाची तिरीप, की सगळ्यांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसतात. तो पिवळेपणा कमी करणारं प्लगइन, म्हणजे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटासा प्रोग्रॅम, तिला स्वतः करायचा होता. शिकलेली पोर; बाळ झालं आणि नोकरी सुटली. बाळ झोपलं की लिहीत बसायची. पण लिहिलेलं 'बिल्ड' करायला, म्हणजे कॉम्प्युटरला चालवता येईल अशा रूपात आणायला गेलं, की पडद्यावर चुकांची ही मोठी रांग! वर सासूबाईंचं, "महिना झाला, निघालं काय त्यातून?"

मी कला शाखेची, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी जाऊन बसले. बघते तर ही शेवटून वाचतेय. म्हटलं, "अगं, पहिली चूक कुठली ते तर बघ!" वर साधी ओळ होती : एक फाइल सापडत नाही. 'ओपन एफएक्स' पद्धतीच्या प्लगइनला लागणाऱ्या हेडर फाइल्स कुठल्या फोल्डरमध्ये आहेत, हे तिनं सांगितलंच नव्हतं. पत्ता दिला, आणि सत्तेचाळीस चुकांच्या तीन उरल्या! त्यातली एक तर विसरलेला अर्धविराम. स्वेटरचा एक टाका सुटला की खालपर्यंत उसवत जातं ना, तसंच हे.

बिल्ड झालं, पण सॉफ्टवेअरच्या यादीत प्लगइन दिसेना. पुन्हा तोंड उतरलं. मग तिनंच माहितीपुस्तिका शांतपणे वाचली. बाहेरच्या फोल्डरच्या नावाशेवटी 'डॉट ओएफएक्स डॉट बंडल' हवं, त्यात 'कंटेंट्स', त्यात 'विन६४' आणि त्यात प्लगइनची फाइल, तीही त्याच नावाची. हिनं फाइल नुसतीच ठेवली होती. डबा बरोबर, फळी चुकीची!

संध्याकाळी हळदीची फिल्म लावली. सासूबाई पुढे सरकून म्हणाल्या, "अगंबाई, मी बरी दिसतेय की!" आणि नातवाला स्वतःच उचलून घेऊन गेल्या.

मैत्रिणींनो, चुकांची रांग बघून घाबरू नका. पहिली शोधा, तेवढीच दुरुस्त करा, मग पुन्हा बघा. बाकीच्या बऱ्याचशा तिच्याच मागे आलेल्या असतात.