पॉइंटवर पाय का लटपटतात?

महाबळेश्वरला ऑर्थर सीटच्या पार्किंगमध्ये सुटीच्या दिवशी नजर टाकली, तर बऱ्याच गाड्यांत एकेक माणूस बसून राहिलेला दिसतो. बाकीचे कुटुंब दरी पाहायला गेलेले असते आणि हा माणूस पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, मुलांची स्वेटरे सांभाळत असतो. विचारले तर ‘गुडघे दुखतात’ किंवा ‘आम्ही पूर्वी पाहिलंय’ असे उत्तर येते. खरे कारण पुष्कळदा वेगळे असते. कड्याजवळ गेले की त्याच्या पोटात गोळा येतो, तळव्यांना घाम फुटतो, पाय लटपटतात आणि पायाखालची जमीन दरीकडे कलते आहे असे वाटते. सांगितले तर चेष्टा होते, म्हणून ही गोष्ट वर्षानुवर्षे घरातही बोलली जात नाही.

असा त्रास होणारी माणसे मोजकी नाहीत. जर्मनीत प्रौढांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे २८ टक्के लोकांनी उंचीवर आपल्याला आयुष्यात कधी ना कधी असे झाल्याचे सांगितले. त्यातल्या थोड्यांचीच भीती खऱ्या अर्थाने आजार म्हणावी, म्हणजे अ‍ॅक्रोफोबिया म्हणावी, इतकी तीव्र असते. उरलेल्यांच्या बाबतीत बराचसा दोष मनाचा नसून शरीराच्या तोल सांभाळण्याच्या व्यवस्थेचा असतो. दोष तरी कसा म्हणावा, ती व्यवस्था तिथे अडचणीत सापडलेली असते.

आपण स्तब्ध उभे आहोत असे वाटते तेव्हाही शरीर पुढे-मागे थोडे झुलत असते. हे झुलणे मेंदूला तीन ठिकाणांहून कळते : अंतर्कर्णातील तोलाचे इंद्रिय, पायांचे तळवे व सांधे आणि डोळे. डोळ्यांचे काम जवळच्या वस्तूंवर चालते. दोन-तीन मीटरवर भिंत किंवा झाड असेल, तर शरीर जरासे कलताच त्या वस्तूची प्रतिमा डोळ्यातील पडद्यावर सरकते आणि मेंदू लगेच स्नायूंना सावरायला सांगतो. कड्यावर मात्र समोर काहीच जवळ नसते. नजर थेट सावित्रीच्या खोऱ्यात उतरते. इतक्या दूरच्या दृश्यात शरीराचे झुलणे डोळ्यांना जाणवत नाही. कान आणि पाय ‘तू हलतो आहेस’ म्हणतात, डोळे ‘सगळे स्थिर आहे’ म्हणतात. मेंदूचा गोंधळ उडतो, त्यात भीतीने स्नायू ताठरतात, मान आणि नजर एका जागी खिळते आणि तोल आणखीच अवघडतो.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मुरलेले ट्रेकर पालथे झोपून कडेपर्यंत सरकतात आणि मग खाली डोकावतात. त्यांना कोणी भित्रे म्हणत नाही. झोपलेल्या शरीराला तोल सांभाळावा लागत नाही, इतकेच त्यामागचे शास्त्र आहे.

खोलीपासून सावध राहणे तर लहानपणीच येते. १९६० साली अमेरिकेत एलेनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी रांगणाऱ्या बाळांसमोर जाड काच ठेवली. काचेखाली एका बाजूला जमीन जवळ होती, दुसऱ्या बाजूला खोल. आईने पलीकडून बोलावूनही बहुतेक बाळे खोल बाजूच्या काचेवर गेली नाहीत.

आणखी एक अनुभव लोक डॉक्टरलाही सांगायला कचरतात. कठड्यापाशी उभे असताना ‘आपण उडीच मारली तर?’ असा विचार अचानक चमकून जातो आणि माणूस स्वतःलाच घाबरतो. फ्लोरिडातील संशोधकांनी २०१२ मध्ये विद्यार्थ्यांना याबद्दल विचारले, तेव्हा आत्महत्येचा विचार कधीही मनात न आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी हा क्षण अनुभवला होता. बहुधा मेंदूने घाईने दिलेल्या धोक्याच्या इशाऱ्याचा तो चुकीचा लावलेला अर्थ असतो. मात्र एरवीही, घरी असतानाही जगणे नकोसे वाटत असेल, तर ती गोष्ट वेगळी. तेव्हा थांबू नये. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करावा.

ज्याला हा त्रास आहे त्याने दरी पाहूच नये असे नाही. पहिल्याच दमात कठडा गाठू नये, एवढेच. आधी पाचगणीच्या टेबललँडसारख्या ऐसपैस पठारावर कडेपासून लांब बसावे. मन शांत झाले की थोडे पुढे जावे. पॉइंटवर गेल्यावर हाताला कठडा, झाड किंवा माणसाचा खांदा असावा. तेवढ्या स्पर्शानेही तोल सुधारतो. नजर आधी जवळच्या दगडावर, मग समोरच्या डोंगराच्या रेषेवर आणि शेवटी खाली न्यावी. सरकत्या ढगांकडे मान वर करून पाहणे आणि मोबाइलच्या पडद्यातून दरी न्याहाळणे टाळावे. उभे राहवत नसेल तर खुशाल खाली बसावे. भीतीची लाट आली तर तिथेच थांबून संथ श्वास घ्यावा. ती काही मिनिटांत ओसरू लागते. दर वेळी ती ओसरण्याआधीच पळ काढला, तर पुढच्या खेपेला ती अधिक जोरात येते.

बरोबरच्यांनी मात्र हात धरून ओढू नये, मागून धक्का देण्याची गंमत तर मुळीच करू नये. एका थट्टेने वर्षांची हिंमत जाते.

घाटात उलटी होऊ नये म्हणून घेतलेल्या गोळीने गुंगी येते, पावले अडखळतात. झोपेच्या किंवा ‘मन शांत करणाऱ्या’ गोळ्यांचेही तेच, त्यामुळे धीर यावा म्हणून त्या घेऊन कड्यावर जाणे धोक्याचे. जवळचे-लांबचे एकाच काचेत असलेला चष्मा असेल तर खाली पाहताना पायऱ्या पुसट दिसतात. तिथे हनुवटी खाली घ्यावी. आणि अंथरुणात कूस बदलताना गरगरत असेल, एका कानाने कमी ऐकू येत असेल किंवा बोलणे अडखळत असेल, तर ते उंचीच्या भीतीवर ढकलू नये. शेवटचे लक्षण अचानक आले असेल, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

भीतीमुळे उड्डाणपूल, वरच्या मजल्यावरची नोकरी, मुलीचे बाराव्या मजल्यावरचे घर टाळले जात असेल, तर उपचार घ्यावेत. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. उपचाराचे मुख्य सूत्र म्हणजे टप्प्याटप्प्याने सराव. जर्मन कवी गटे याने १७७० च्या सुमारास स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलचा मनोरा पुन्हा पुन्हा चढून आपली भीती घालवली होती. तो एकटाच आणि थेट वर गेला. आज मात्र कोणी तो मार्ग सुचवणार नाही. पहिला टप्पा पहिल्या मजल्याच्या गच्चीचाही चालतो.

गाडी चालवणाऱ्यालाच हा त्रास असेल तर प्रश्न साऱ्या गाडीचा होतो. दरीची बाजू टाळताना गाडी नकळत समोरून येणाऱ्या एसटीच्या वाटेत जाऊ शकते. अशा चालकाने संकोच न करता आधीच सांगावे. पसरणी घाट लागण्यापूर्वी वाईत चहाला बहुतेक जण थांबतातच. तिथे चालक बदलता येतो.