पांदण : चालणाऱ्यांच्या मालकीची वाट

वर्धा जिल्ह्यातल्या कोणत्याही गावाची वस्ती संपली की पांदण लागते. दोन्ही बाजूंना वावरं, धुऱ्यांवर बाभळी, बोरी आणि हिवर, खाली बंडीच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या. पऱ्हाटीचं वावर, गावाबाहेरचं देऊळ, नाला, शेजारचं गाव असं सगळं या वाटेनं जोडलेलं असतं. वावरात जाणारा शेतकरी, डोक्यावर शिदोरी घेतलेली मजूर बाई, गुरं चारणारा गुराखी आणि शाळेची पोरं यांची ती रोजची वाट. कोकणात किनाऱ्यावरच्या पायवाटांना जे मोल आहे, ते समुद्र नसलेल्या या जिल्ह्यात पांदणीला आहे. पांदण बंद झाली की गावाचं अर्धं शिवार लोकांना बंद होतं.

या जिल्ह्यानं चालण्याला मोठं केलं आहे. 30 एप्रिल 1936 रोजी महात्मा गांधी वर्ध्याच्या मगनवाडीतून पायी सेगावला गेले. या सेगावचंच नाव पुढे सेवाग्राम झालं. तेव्हा सेगावला धड रस्ता नव्हता आणि पावसाळ्यात तर काळ्या मातीचा चिखलच तुडवावा लागे. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई सुरुवातीच्या काळात मगनवाडीत राहून रोज याच वाटेनं बापूंकडे जात. जाऊन-येऊन सुमारे 11 मैल, तेही वर्ध्याच्या उन्हात. पुढे 8 मार्च 1951 रोजी विनोबा भावे इथून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी पायीच निघाले. वाटेवरच्या गावांत थांबत, माणसांशी बोलत जायचं तर पायीच जायला हवं, हा त्यांचा आग्रह होता. त्याच प्रवासात 18 एप्रिलला पोचमपल्ली इथे भूदानाचा उगम झाला. त्यानंतर गावोगाव चालत गेलेले विनोबा 1964 मध्ये धाम नदीकाठच्या पवनार आश्रमात परतले.

ज्या महिन्यात विनोबा निघाले, त्याच महिन्याच्या अखेरीला इथल्या जमिनीच्या कारभारात मोठा बदल झाला. वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होता. 31 मार्च 1951 पासून मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली आणि मालगुजाराकडची पडीक जमीन, तळी, जंगल आणि रस्ते सरकारजमा झाले. गावकऱ्यांची वहिवाट मात्र बुडू नये म्हणून निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही दोन दप्तरं राखली गेली. गावाला चराईसाठी, सरपणासाठी, मुरूम-मातीसाठी कोणती जमीन मोकळी आहे, ते निस्तारपत्रकात असतं. खासगी जमिनीतून गावाचा रिवाजानं चालत आलेला जाण्यायेण्याचा, पाणी नेण्याचा आणि मासेमारीचा हक्क वाजिब-उल-अर्जमध्ये लिहिलेला असतो. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनं कलम 161 आणि 165 मध्ये ही दोन्ही दप्तरं कायम ठेवली. गावच्या पायवाटेचा इतका जुना लेखी आधार आपल्या हाताशी आहे, हे फार थोड्या गावकऱ्यांना ठाऊक असतं.

वाट मरते कशी

पांदण एका दिवसात बंद होत नाही. नांगरणीच्या वेळी कडेच्या वावरातलं एक तास पांदणीत सरकतं. पुढच्या साली आणखी एक. धुऱ्यावरची बाभूळ तुटते, तिच्या फांद्यांचं कुंपण थोडं पुढे येऊन बसतं. बंडीपुरती रुंदी होती, तिथे माणसापुरती उरते आणि मग तुरीची ओळ थेट चाकोरीवर उभी राहते. पाऊस लागला की उरलेल्या वाटेवर काळ्या मातीचा गुडघाभर चिखल होतो. कापूस वेचून वावरात पडून राहतो, मजूर लांबच्या वावरात यायला नाही म्हणतात, मक्त्यानं जमीन द्यायची तर भाव पडतो. गर्भार बाईला किंवा साप चावलेल्या माणसाला खाटेवरून न्यावं लागतं. दोन भाऊबंदांमधलं वैर कित्येकदा अशाच हातभर वाटेपासून सुरू होतं आणि कोर्टात जाऊन थांबतं.

कायदा मात्र या बाबतीत गप्प नाही. संहितेच्या कलम 20 नुसार दुसऱ्या कुणाची मालकी नसलेले सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा सरकारच्या मालकीच्या आहेत. भरतीरेषेखालचा समुद्रतळ आणि नदी-नाल्यांची पात्रंही त्याच कलमात येतात. म्हणजे कोकणच्या खाडीला आणि वर्ध्याच्या पांदणीला एकच कलम राखतं. वावराला वाटच नसेल, तर कलम 143 खाली तहसीलदार शेजारच्या धुऱ्यावरून वाट देऊ शकतो. चालू वाट कुणी अडवली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली अडथळा काढून मिळतो. मात्र अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. शेजाऱ्याशी वाकडं नको म्हणून माणूस दोन हंगाम थांबतो आणि ही मुदत निघून जाते.

गावनकाशावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेनं आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेनं दाखवतात. भूमी अभिलेख कार्यालयात हा नकाशा कुणालाही मागता येतो. 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली आणि रोजगार हमीतून पांदणींवर मुरूम-खडी पडू लागली. 22 मे 2025 च्या शासन निर्णयानं शेतरस्ता किमान 3 ते 4 मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात व्हावी, असं ठरवलं. हे चांगलं पाऊल आहे, कारण जमीन विकली गेली तरी सातबाऱ्यावरची वाट नव्या मालकाला दिसेल.

ज्याला वावर नाही, त्याची वाट

या सगळ्यात एक उणीव उरते. कलम 143 चा अर्ज जमीनधारकच करू शकतो. मजूर बाई, गुराखी, मेंढपाळ, भाजी घेऊन शेजारच्या गावी जाणारी म्हातारी यांच्या नावावर वावर नसतं. त्यांचा आधार म्हणजे सार्वजनिक वाट आणि रिवाजाची वहिवाट. म्हणून पांदणीचा प्रश्न शेतमाल वाहतुकीपुरता मानणं अपुरं आहे. पांदण भूमिहीनाच्याही हक्काची आहे. भूदानाच्या भूमीत तरी हे विसरता कामा नये.

इंग्लंडमध्ये हा हक्क चालणाऱ्यांनी मिळवला. 24 एप्रिल 1932 रोजी किंडर स्काउट या डोंगरावर शेकडो कामगार जमीनमालकांची बंदी मोडून चढले, काहींना तुरुंगवास झाला. 1949 च्या कायद्यानं तिथल्या सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले आणि 2009 च्या कायद्यानं इंग्लंडच्या किनाऱ्याभोवती पायवाट आखण्याचं काम सरकारवर सोपवलं. तिथले गावोगावचे चालणाऱ्यांचे गट या वाटांवरून फिरतात, अडथळा दिसला की कळवतात. आपल्याकडेही 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेनं दोन हॉटेलांमध्ये किमान 20 मीटर जागा लोकांना किनाऱ्यावर जाण्यासाठी मोकळी ठेवायला सांगितलं होतं. पण कागदावरची वाट पायांखाली राहिली नाही, तर ती कागदावरच संपते.

वर्ध्यात चालणाऱ्यांची वाण नाही. हनुमान टेकडीवर रोज पहाटे माणसं चालायला जातात, वैद्यकीय जनजागृती मंचानं लोकांना सोबत घेऊन तिथे झाडंही लावली. आपल्या हिंडण्याच्या जागेची काळजी वाहणारी ही माणसं महिन्यातल्या एका रविवारी जवळच्या गावच्या पांदणीनं चालली, तर फार मोठं काम होईल. सोबत गावनकाशा घ्यावा, गावातल्या जाणत्या माणसाला आणि रोज त्या वाटेनं जाणाऱ्या मजूर बायांना बोलवावं. वाट कुठे अडली ते लिहून ग्रामसभेपुढे ठेवावं. शेजाऱ्यांनी समजुतीनं मोजणी मान्य केली, तर तहसीलची पायरी चढायची गरज पडत नाही.

याला योग्य काळ उन्हाळ्याचा. पिकं निघालेली असतात, धुरे उघडे असतात, सरकलेलं तास डोळ्यांना दिसतं. पेरणी झाली की तीच वाट पुन्हा पिकाखाली जाते. तेव्हा मे महिन्यात आपल्या गावचा नकाशा आणि वाजिब-उल-अर्ज मागून घ्या, चार माणसं सोबत घ्या आणि आपली पांदण या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा चालून या.