एक लिटर व्हॅनिलाचे वजन किती?

दुकानातल्या फ्रीजरची काच सरकवून व्हॅनिलाचे दोन डबे बाहेर काढा. कंपन्या वेगळ्या, पण दोन्हींवर माप एकच असलेले. एक या हातात, एक त्या हातात धरा. पुष्कळदा एक हात किंचित खाली जातो. माप सारखे असून वजन वेगळे कसे? आइस्क्रीम समजून घ्यायला याहून सोपी सुरुवात मला माहीत नाही.

फरक हवेचा असतो. दूध, साय, साखर यांचे न घुसळलेले मिश्रण एक लिटर घेतले तर ते साधारण १,१०० ग्रॅम भरते. ते गोठत असताना घुसळून त्यात हवेचे बारीक बुडबुडे कोंडले जातात. हवा नसेल तर आइस्क्रीमची वीट होईल, चमचा रुतणार नाही. म्हणजे हवा हवीच, प्रश्न किती एवढाच. आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे एक लिटर आइस्क्रीम किमान ५२५ ग्रॅम भरले पाहिजे. गणित करून पाहा: कायद्याच्या काठावरच्या डब्यात निम्म्याहून थोडी जास्त हवा असते. त्यात गैर काही नाही; पण दुसऱ्या कंपनीचा लिटर ७०० ग्रॅमचा असेल, तर तिथे त्याच मापात बरेच जास्त दूध आणि साय पोटात जाते.

दुसरा फरक डब्यावरच्या नावातच असतो. 'आइस्क्रीम' म्हणून विकायचे तर त्यात किमान १० टक्के स्निग्धांश हवा, आणि तो दुधाचाच हवा. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरले, तर डब्यावर 'फ्रोझन डेझर्ट' असे लिहावे लागते. या दोन नावांवरून दोन बड्या कंपन्यांमध्ये २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात दावाही चालला. फ्रोझन डेझर्ट खाण्यालायक नाही, असे मी म्हणणार नाही. पण लोणी अंगाच्या उबेला विरघळते, म्हणून दुधाचे आइस्क्रीम जिभेवरून स्वच्छ उतरते. तेलाचे वितळणे कोणते तेल घेतले त्यावर ठरते आणि कधी कधी टाळ्याला मेणासारखा थर राहतो. चॉकलेट किंवा सुक्यामेव्याच्या चवीत हे झाकले जाते. व्हॅनिलात झाकायला काही नसते, म्हणून पारख करायची ती व्हॅनिलावरच.

तिसरी गोष्ट बर्फाची. आइस्क्रीममधले बरेचसे पाणी बर्फाच्या स्फटिकांच्या रूपात असते. हे स्फटिक साधारण ५० मायक्रॉनपेक्षा मोठे झाले की जीभ त्यांना ओळखते आणि आइस्क्रीम कचकचीत लागते. कारखान्यात ते झपाट्याने गोठवतात, म्हणून स्फटिक बारीक राहतात. खरे नुकसान पुढे होते. वीज जाते, टेम्पोत डबा मऊ पडतो, घरी पोचेपर्यंत आणखी सैल होतो आणि मग पुन्हा गोठतो. प्रत्येक वेळी लहान स्फटिक वितळतात आणि त्यांचे पाणी मोठ्यांवर जाऊन बसते. हे रोखण्यासाठी घटकांच्या यादीत ४१२ हा आकडा दिसतो. तो ग्वार गम, म्हणजे आपल्या भाजीतल्या गवारीच्याच बियांचा डिंक. त्याला घाबरण्याचे काही कारण नाही.

गोठवणे ही माणसाने फार जुन्या काळी साधलेली किमया आहे. बंदुकीच्या दारूत पेटणारा सोरा पाण्यात विरघळला की ते पाणी गार होते, हे 'आईन-ए-अकबरी'त अबुल फझलने नोंदवले आहे. बादशहाचे पिण्याचे पाणी तसेच थंड केले जाई. बर्फात मीठ घालण्याची युक्ती त्याहून जोरकस. मिठामुळे बर्फ शून्याखालीही वितळत राहतो, आणि वितळायला लागणारी उष्णता तो शेजारच्या डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. बर्फ-मिठाचे हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. मे महिन्यात अंगणात पॉट फिरवलेल्या प्रत्येकाने हा प्रयोग केला आहे: गोणपाटातला बर्फ फोडायचा, त्यावर खडेमीठ, आत दुधाचा डबा, आणि हात भरून येईपर्यंत दांडा. या दांड्याच्या यंत्राचे पेटंट १८४३ साली नॅन्सी जॉन्सन या अमेरिकन बाईंनी घेतले.

पण त्या काळी आपल्याकडे बर्फ आणायचा कुठून? १८३३ साली बोस्टनहून 'टस्कनी' नावाचे जहाज तळ्यातला बर्फ भुश्यात बांधून कोलकत्त्याला आले, आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतरही त्यातला बराच बर्फ शाबूत होता. पुढच्या वर्षी तो मुंबईलाही उतरला. जमशेटजी जिजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले, आणि यजमानासह पाहुण्यांना पडसे झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'ने छापली, असे सांगतात.

आता ज्याच्या नावाने हे सगळे चालते त्या व्हॅनिलाकडे येऊ. ही मेक्सिकोतल्या एका ऑर्किडची शेंग. वेल फ्रेंचांनी हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर नेला. तो वाढला, फुलला, पण शेंग धरेना, कारण परागीभवन करणाऱ्या मेक्सिकोतल्या मधमाश्या तिथे नव्हत्या. १८४१ साली एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलला आणि अंगठ्याने पराग दाबला. आजही मादागास्करपासून केरळ-कर्नाटकापर्यंत प्रत्येक फूल असेच हाताने फळवावे लागते, आणि फूल उमलते एकाच दिवसापुरते. १८४८ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा एडमंडला 'अल्बियस' हे आडनाव मिळाले. ज्या युक्तीवर इतरांनी संपत्ती कमावली तिचा हा जनक १८८० मध्ये गरिबीतच वारला. ही गोष्ट प्रत्येक शाळेत सांगितली जावी, असे मला मनापासून वाटते.

हिरव्या शेंगेला हा वास नसतो. ती उन्हात तापवून, घाम आणवून, महिनोन्‌महिने मुरवली की व्हॅनिलिन मोकळे होते. एवढी मेहनत परवडत नाही, म्हणून १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तोच रेणू पाइन झाडातल्या एका द्रव्यापासून बनवला. डब्यावर 'नेचर आयडेंटिकल फ्लेवर' असे दिसले, तर रेणू शेंगेतलाच पण घडवलेला कारखान्यात, असे समजावे. तो वाईट नाही, पण एकटा आहे. खऱ्या शेंगेत शेकडो सुगंधी द्रव्यांची साथ असते.

पिवळ्या रंगावरही जाऊ नका. थॉमस जेफरसनच्या हस्ताक्षरातल्या व्हॅनिला आइस्क्रीमच्या कृतीत सहा अंड्यांचे बलक आहेत. युरोप-अमेरिकेत तो पिवळेपणा बलकाचा. आपल्याकडच्या बिनअंड्याच्या, त्यातून म्हशीच्या पांढऱ्याशुभ्र दुधाच्या आइस्क्रीमला तो रंग बहुधा वरून दिलेला असतो.

पुढच्या वेळी डबा उलटा करा. आधी 'आइस्क्रीम' हा शब्द शोधा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, तेव्हा दूध-साय पहिल्या काही नावांत आहे का ते बघा. मग ग्रॅमला मिलिलिटरने भागा. ७०० मिलीला ३७० ग्रॅम म्हणजे ०.५३, ५०० मिलीला ३५० ग्रॅम म्हणजे ०.७. घरी आल्यावर चमचाभर वाटीत पूर्ण विरघळू द्या आणि मग चाखा. गारठ्यात जिभेला न कळलेले सारे तेव्हा कळते. नुसती साखर लागली तर तो डबा पुन्हा आणू नका. दुधाची चव लागली, तर दोन रुपये जास्त देऊन तोच आणा.