क्यू, एक्स, झेडचे शब्द आमच्याच घरात

मागच्या महिन्यात आमच्या शेजारची सहावीतली मुलगी वही घेऊन रडवेल्या चेहऱ्याने आमच्या दारात उभी राहिली. शाळेत बाईंनी शब्दखेळ घेतला होता. क्यू, एक्स, झेड किंवा जे यांपैकी एखादे अक्षर असलेले दहा इंग्रजी शब्द लिहून आणायचे होते. तिला क्वीन, बॉक्स, झू आणि जॅम असे चारच आठवले. तिचे वडील भोसरीला एका कंपनीत टूलरूममध्ये कामाला आहेत, शिक्षण आठवीपर्यंत. मुलीने विचारले तर म्हणाले, “मला कुठं इंग्रजी येतंय बाळा? काकांकडं जा.”

आम्ही मोठ्या ऐटीत शब्दकोश काढला आणि तिथेच अडलो. शब्दकोश पहिल्या अक्षराने लावलेला असतो. झेडने सुरू होणारे शब्द एका जागी सापडतात, पण ज्याच्या पोटात झेड आहे तो कुठे शोधणार? शेवटी तिच्या वडिलांनाच हाक मारली. सेकंड शिफ्ट करून आदल्या रात्री उशिरा आलेला माणूस, डोळे चोळत आला. आम्ही एवढेच विचारले, “काल कंपनीत काय केलंत ते सांगा.”

“काय नाय हो, फिक्स्चर बनवत होतो. मग एक जॉब क्वेंचिंगला दिला. हेक्स बोल्ट टॉर्क लावून कसले.”

मुलगी लिहीत गेली. फिक्स्चरमध्ये एक्स, हेक्समध्येही एक्स, क्वेंच आणि टॉर्कमध्ये क्यू. मग तिने आपणहून विचारले, “पप्पा, अजून?” जिग, अॅक्सल, गिअरबॉक्स, झिंक, नोझल! पाच मिनिटांत दहाचे तेरा झाले. आईचे फॉल-पिकोचे मशीन आहे. त्यावरचा टाका कोणता, असे विचारल्यावर त्या आतूनच म्हणाल्या, “झिगझॅग.” एका शब्दात दोन झेड. त्या बाईंनी कधी इंग्रजीचे पुस्तक उघडलेले नाही.

हे शब्द किती मोलाचे, ते स्क्रॅबल खेळणाऱ्याला विचारावे. हा खेळ बेकारीतून जन्मला. अमेरिकेत १९३० च्या आसपास मोठी मंदी आली, तेव्हा आल्फ्रेड बट्स नावाच्या वास्तुविशारदाची नोकरी गेली. रिकाम्या हातांनी बसण्याऐवजी त्याने वर्तमानपत्राची पाने समोर घेतली आणि कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजले. जे अक्षर जास्त येते त्याला गुण कमी, जे दुर्मीळ त्याला जास्त. खेळाला स्क्रॅबल हे नाव १९४८ मध्ये मिळाले. एकूण शंभर सोंगट्या, त्यांत दोन कोऱ्या. ई बारा आहेत आणि एकीचा गुण एक. क्यू आणि झेड एकेकच, पण गुण दहा. जे आणि एक्स यांना आठ. एस मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर प्रत्येक शब्दाला एस लावून अनेकवचन करत लोक सहज गुण मिळवतील. खेळाडूच्या हाती सात सोंगट्या असतात आणि त्या सातही एका डावात लावल्या तर पन्नास गुण वरचे. आता फिक्स्चर बघा. त्याची अक्षरे बरोबर सात. साधे गुण सतरा, वरचे पन्नास, मिळून सदुसष्ट. गिअरबॉक्सचेही तेवढेच. झिगझॅगला मात्र दुसऱ्या झेडसाठी कोरी सोंगटी लावावी लागते, कारण झेड एकच. गुण तरीही सोळा.

संच विकत आणायलाच हवा असे नाही. पॅकिंगच्या जाड पुठ्ठ्याचे शंभर तुकडे कापून आम्ही घरीच केला. पहिल्याच डावात पोरीने टेल्को लावले! कंपन्यांची, माणसांची, गावांची नावे चालत नाहीत, हे तिला पटवायला वेळ लागला. मोठी मुले आता मोबाइलवर वर्डल खेळतात, २०२१ मध्ये निघालेला. पाच अक्षरांचा शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. तिथेही बट्सचीच मोजणी कामी येते. आधी ई, ए, आर, टी असलेला शब्द टाकून पाहावा, क्यू-झेड मागाहून.

अक्षरावरून शब्द शोधायला आम्ही एक वही केली. शब्दकोशासारखी पहिल्या अक्षराची नाही, तर अवघड अक्षराची. क्यूचे पान, एक्सचे पान, झेडचे पान. प्रत्येक पानावर तीन रकाने: अक्षर सुरुवातीला, मध्ये, शेवटी. लिहिता लिहिता मुलीच्याच ध्यानात आले की क्यूच्या मागे जवळपास नेहमी यू असतो आणि एक्स सुरुवातीला क्वचितच येतो. यू नसलेला क्यू शोधताना आपला एक शब्द सापडला, कव्वाली! इंग्रजी कोशात तो क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय असा आहे, तोही सात अक्षरांचा. जयंतीला रात्ररात्र कव्वाली ऐकणाऱ्यांना हे माहीत नव्हते. मुंगसाला इंग्रजीत मंगूस म्हणतात, तो शब्द तर आपल्या मराठीतूनच गेला.

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीला भेटले. पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० च्या जूनमध्ये, ज्यांच्या नावाचे प्रेक्षागृह चिंचवडला आहे ते प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी शाळा सुटलेल्या माणसांच्या मनात ‘आपल्याला येत नाही’ हे घट्ट बसले. मुलांच्या अभ्यासाच्या वेळी बाप उठून बाहेर जातो, हे आम्ही कितीतरी घरांत पाहिले. चाकण, भोसरी, पिंपरीच्या शॉपमध्ये दिवसभर तोच माणूस इंग्रजी शब्दांशिवाय एक जॉब पुरा करत नाही. स्पेलिंग त्याला येत नसेल, हे खरे. गेजमध्ये यू कुठून आला, हे आम्हालाही कोशात बघावे लागले. पण शब्द बापाने द्यावा आणि स्पेलिंग मुलीने शोधावे, यात कुणाचे काय बिघडते?

सध्या व्हीचे पान चालू आहे. व्ही फार हट्टी अक्षर, स्क्रॅबलमध्ये त्याचा दोन अक्षरी शब्दच नाही. व्हॉल्व्ह मिळाला, वाइस मिळाला, पुढे गाडी अडली. परवा गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, शेजारी स्वतःच आमच्याकडे आले. सकाळपासून आठवत होते म्हणे. खिशातून विडीच्या बंडलाचा कागद काढला. त्यावर मराठीत लिहिले होते, ‘व्हर्निअर’. मुलीने कोशात बघितले, बोटांवर अक्षरे मोजली आणि ओरडली, “पप्पा, सात!”