दोन साळुंक्या

मुंबईहून दिल्लीस जाणारी गाडी झाशीला थांबली, की फलाटावर पोळीच्या तुकड्यासाठी धावणारे पक्षी पाहून मराठी प्रवाशास वाटते, ही तर आपलीच साळुंकी! पण जरा निरखून पाहावे. जिचे अंग तपकिरी, डोळ्याभोवतीची त्वचा पिवळी आणि पंखावर पांढरा पट्टा, ती आपली साळुंकी. दुसरी किंचित लहान, निळसर राखाडी. तिच्या डोळ्याभोवती विटकरी रंग, आणि पंखावरील पट्टा फिकट बदामी. ही गंगा मैना.

शास्त्रज्ञांनी दोघींना एकाच प्रजातीत बसविले आहे. गंगा मैना मुख्यतः उत्तरेची. पण तिच्या शास्त्रीय नावात दक्षिणेतील जिंजी आहे. राजाराम महाराजांनी आश्रय घेतला, तीच ही जिंजी. सोनेरा या फ्रेंच प्रवाशाने हा पक्षी तेथला म्हणून वर्णिला, आणि लॅथम यांनी १७९० मध्ये त्यावरूनच नामकरण केले.

खरा भेद घरट्याचा. साळुंकीला भिंतीतले भोक, झाडाची ढोली, काहीही चालते. गंगा मैना मात्र बहुधा नदीच्या दरडीत किंवा कच्च्या विहिरीच्या कडेत बिळे खोदते आणि वस्ती करून राहते.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या सूचीत दोघीही चिंता नसलेल्या वर्गातच आहेत. परंतु एकाच शेऱ्याखाली दोन निराळ्या कथा आहेत. एकोणिसाव्या शतकात पिकांवरील किडींच्या नाशासाठी साळुंकी ऑस्ट्रेलियात नेली गेली. तेथे ती इतकी फोफावली आणि स्थानिक पक्ष्यांच्या ढोली बळकावू लागली, की २००० साली जगातील शंभर अत्यंत उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत तिचे नाव आले. गंगा मैनेचा मूळ प्रदेश भारतीय उपखंडापुरताच आहे. आज तिची संख्या मोठी आहे खरी. पण बेतवा किंवा पहूज नदीची एखादी दरड वाळू-मातीसाठी कापली, वा दगडांनी बांधून काढली, तर तेथील सारी वस्तीच एका दिवसात उठते.

म्हणून सूचीतील शेरा वाचून निश्चिंत होऊ नये. एप्रिलपासून पावसाळ्यापर्यंत या पक्ष्यांचा विणीचा काळ असतो. त्या दिवसांत दरडीस कुदळ लावण्यापूर्वी तिच्यातील भोके पाहावीत, आणि पिले उडून जाईपर्यंत काम थांबवावे. एवढे केले, तरी पुष्कळ होईल.